अक्षरांच्या आधीची भाषा

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस नौपाड्यातील गोखले मार्गावरून सकाळी नऊच्या सुमारास चालत गेल्यास एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. आजीचे किंवा आईचे बोट धरून तीन-साडेतीन वर्षांचे मूल बालवाडीकडे निघालेले असते आणि वाटभर त्याचे तोंड बंद नसते. ती बस कुठे चालली, कुत्र्याच्या पायात चप्पल का नाही, काल पडलेला पाऊस आज कुठे गेला, असे त्याचे प्रश्न संपतच नाहीत. आजी काहींची उत्तरे देते, काहींना ‘खरंच की रे’ एवढेच म्हणते आणि मूल पुढचा प्रश्न काढते. बालवाडीच्या दारात मात्र पुष्कळ ठिकाणी हे बोलणे एकाएकी थांबते. आत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा वाट पाहत असते. पाऊस कुठे गेला असे विचारणारे मूल सतरंजीवर बसून पाटीवरचा ‘अ’ गिरवू लागते.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. पाटीवर अक्षर उमटले की पालकांना शिक्षण सुरू झाल्याचे समाधान मिळते. मूल बोलले तर त्यात शिकण्यासारखे काय, ते तर घरीही बोलतेच, असा समज शिकल्या-सवरलेल्या कुटुंबांतही आढळतो. शहरातील बालवर्गांची प्रतिष्ठा मुलाला किती अक्षरे आणि किती अंक येतात यावर मोजली जाते आणि खेड्यातील अंगणवाडीनेही तेच करावे अशी मागणी ग्रामसभेत होऊ लागते. परंतु मूल पुढे वाचू लागते ते ज्या भांडवलावर, ते भांडवल पाटीवर जमा होत नसून त्या वाटेवरच्या बोलण्यात जमा होत असते. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन हा क्रम प्रत्येक शिक्षकाने अध्यापन पदविकेच्या काळात पाठ केलेला असतो. त्यातील पहिल्या दोन पायऱ्या सहाव्या वर्षापर्यंत कशा चढल्या जातात, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

जन्मापूर्वीपासूनचे ऐकणे

मुलाचे ऐकणे जन्मापूर्वीच, गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत सुरू होते. नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजांतून आईचा आवाज वेगळा ओळखते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. त्याहूनही नवलाची गोष्ट कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आली. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेल्या ध्वनींमध्ये हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी होते. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना या दोहोंतील फरक सहसा ऐकू येत नाही. पण इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो बिनचूक कळत होता. तीच क्षमता दहा-बारा महिन्यांच्या बाळांत जवळजवळ मावळलेली आढळली. ज्या घरांत हे ध्वनी रोज कानांवर पडतात तेथील बाळांची क्षमता मात्र टिकून होती. म्हणजे मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या आधीच आपल्या घरच्या भाषेसाठी कान तयार करते. मराठी घरातील बाळ ‘ताट’ हा शब्द म्हणू शकत नसले, तरी त्यातील दोन ध्वनींची ओळख त्याला पटलेली असते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळ हुंकार देऊ लागते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू होते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. तो येण्यापूर्वी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाळ बोट दाखवू लागते. खिडकीतील कावळ्याकडे बोट करून ते आईकडे वळून पाहते. तिनेही कावळा पाहिला की नाही याची खात्री करून घेते. दोघांनी मिळून एका वस्तूकडे पाहणे हा संवादाचा पाया होय. आई ‘हो, काऊ आला’ म्हणते तेव्हा शब्द नेमका त्या क्षणी मिळतो, ज्या क्षणी मुलाला तो हवा असतो. शब्द शिकवण्याची याहून चांगली पद्धत अद्याप कोणत्याही प्रशिक्षण संस्थेस सापडलेली नाही.

‘काऊ’, ‘चिऊ’, ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘मम्मम’, ‘जोजो’, ‘भुर्र’ हे शब्द मोठ्या माणसांच्या व्यवहारात नसतात. बाळाशी बोलताना मात्र गंभीर स्वभावाचे गृहस्थही ते बिनदिक्कत वापरतात. हा केवळ लाडिकपणा नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी बाळांशी बोलल्या जाणाऱ्या मराठीचा रीतसर अभ्यास करून १९६४ मध्ये त्यावर शोधलेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतील चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलण्याची तुलना केली. त्या सहांत अरबी, इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या जोडीला मराठीही होती. एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतही बाळांसाठीचे शब्द आखूड, द्विरुक्त आणि ओठांनी सहज उच्चारता येणारे असतात, असे आढळून आले. मराठीतले हे शब्द पाहिले तर त्यांत ‘ळ’ आणि अवघड जोडाक्षरे जवळजवळ नाहीतच. बाळाच्या तोंडाला जे झेपते तेच मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवले आहे.

चुकांमधील व्याकरण

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मूल दोन शब्द जोडते. ‘बाबा गेला’, ‘अजून दूध’, ‘माझी गाडी’ अशी वाक्ये होऊ लागतात. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत मराठीसारख्या गुंतागुंतीच्या भाषेचे व्याकरण मूल ज्या वेगाने हस्तगत करते, तो वेग मोठेपणी परभाषा शिकणाऱ्यास कधी साधत नाही. ‘तो वाडा, ती गाडी, ते घर’ हा लिंगभेद परप्रांतीय प्रौढास वर्षानुवर्षे चकवतो. मराठी घरातील तीन-चार वर्षांचे मूल त्यातील पुष्कळसा भाग सहज पेलते. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ लिहिताना एकच असला तरी उच्चारात दोन आहेत. ही गोष्ट मुलाला ‘च’ हे अक्षर दिसण्यापूर्वीच ठाऊक असते. अक्षर मात्र ती कधीच दाखवत नाही.

या वयातील मुलांच्या चुका विशेष पाहण्यासारख्या असतात. ‘पडला’, ‘बसला’, ‘उठला’ हे ऐकत आलेले मूल एके दिवशी ‘बाबांनी चहा करला’, ‘मामा येला’, ‘दादा शाळेत जाला’ असे म्हणू लागते. ‘करला’ हा शब्द घरात कोणीही उच्चारलेला नसतो. म्हणजे मुलाने तो ऐकून उचललेला नाही. त्याने आपल्याआपण एक नियम शोधून काढला आणि तो सर्वत्र लावला. अपवाद मराठीत आहेत, हा काही त्या मुलाचा दोष नव्हे. ‘घोड्यावर’ऐवजी ‘घोडावर’, ‘झाडावर’ऐवजी ‘झाडवर’ म्हणणारे मूलही शब्दाचे सामान्यरूप करण्याच्या वाटेवर असते. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा ‘मी येते’ म्हणतो आणि घरातील मंडळी हसतात. प्रत्यक्षात तो आईचे बोलणे किती बारकाईने ऐकतो याचा तो पुरावा असतो.

अशा वेळी काय करावे? ‘करला नाही, केला म्हण’ असे दटावून तीन वेळा म्हणवून घेण्याने मूल सुधारत नाही. बोलणे कमी करते. त्याऐवजी ‘हो का? बाबांनी चहा केला? कोणाकोणाला दिला?’ असे म्हटले की योग्य रूप कानांवर पडते, मुलाच्या सांगण्याला मान मिळतो आणि गप्पा पुढे चालू राहतात. घरातील आज्या हेच करीत आल्या आहेत. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात या साध्या गोष्टीचा सराव प्रत्यक्ष मुलांबरोबर करून घेतल्यास तो कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगी ठरेल.

शब्द आणि वाक्ये आली म्हणजे संवाद आला असे मात्र नव्हे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, समोरच्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज घेऊन सांगणे, मोठ्यांशी आणि बरोबरीच्यांशी वेगळे बोलणे हेही शिकावे लागते. त्याची शाळा भातुकलीत भरते. चार वर्षांची मुलगी पाहुणी होऊन येते आणि यजमानीण झालेली दुसरी तिला ‘या, बसा, चहा घेणार ना?’ असे विचारते, तेव्हा एरवी ‘तू’ म्हणणारी तीच मैत्रीण खेळापुरती ‘तुम्ही’ झालेली असते. कंडक्टर, डॉक्टर, भाजीवाली, पोलीस यांची भाषा मुले खेळातच बोलून पाहतात. बालवाडीत भातुकलीचा कोपरा असणे हे चैनीचे लक्षण नसून भाषा-शिक्षणाचे साधन आहे. ते साधन रिकाम्या डब्या आणि जुन्या ओढण्या यांतून उभे राहते.

बोर्डीचे अंगण

मुलांच्या बोलण्याला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाला, याची आठवण नौपाड्यातील वाचकांनाही कदाचित नसेल. ताराबाई मोडक यांनी १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी ‘शिशुविहार’ चालविले. मॉंटेसरी पद्धतीची साधने महागडी असून ती शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरतीच राहतात, ही खंत त्यांना होती. खेड्यातील मुलांसाठी काय करता येईल हे पाहण्याकरिता १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि ही जोडी ताराबाईंच्या १९७३ मधील निधनापर्यंत अभंग राहिली.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे नियमाने फिरकत नव्हती. मुले येत नाहीत म्हणून तक्रार करीत बसण्याऐवजी शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तेथील अंगणात वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणातून आला. बालवाडी केंद्रात भरते. अंगणवाडी मुलाच्या दारात जाते. हा फरक नुसता जागेचा नाही, भाषेचाही आहे. परक्या इमारतीत गप्प बसणारे मूल स्वतःच्या अंगणात, आपली कोंबडी आणि आपले भावंड समोर असताना बोलते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे असते आणि ते सांगण्यासाठी शब्दही असतात.

१९५०च्या दशकात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे ही तेथील शिक्षणसाधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच कुरणावर ‘कुरणशाळा’ भरवण्यात आली. शिंपला विकत घ्यावा लागत नाही, एवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व नव्हते. ज्या वस्तूचे नाव, उपयोग आणि ठिकाण मुलाला शिक्षिकेपेक्षा अधिक ठाऊक आहे, ती वस्तू हाती दिली की सांगणारा मूल होतो आणि ऐकणारी शिक्षिका होते. पाठ्यपुस्तकातील सफरचंदाच्या चित्राने ते साधत नाही. भारत सरकारने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव केला. ठाणे जिल्ह्याचे १ ऑगस्ट २०१४ रोजी विभाजन झाल्यापासून बोर्डी आणि कोसबाद पालघर जिल्ह्यात आहेत.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. त्यांपैकी वजन आणि आहार यांची मोजदाद होते, म्हणून त्यांची चौकशीही होते. मूल किती बोलते याची नोंद मागितली जात नाही. सेविकेकडे असलेल्या नोंदींचा भार पाहता तिने ती आपण होऊन ठेवावी अशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल. शिक्षणाचा भाग मागे पडतो याची जाणीव शासनासही आहे. मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेला ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम आणि २०२४ मधील तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठीचा ‘आधारशिला’ अभ्यासक्रम ही त्याचीच फलिते होत.

घरची बोली आणि केंद्राची भाषा

मुलाच्या बोलण्याचे स्वागत करावयाचे, तर त्याच्या बोलीचेही करावे लागेल. येथेच खरी अडचण सुरू होते. नौपाड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या चेंदणी कोळीवाड्यातील किंवा खाडीपलीकडील आगरी वस्तीतील मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते. त्याच्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या जागी ‘न’ आणि ‘ल’ येतात. तो त्या बोलीचा नियम आहे आणि मुलाने तो अचूक आत्मसात केलेला आहे. वर्गात मात्र हाच उच्चार अशुद्ध ठरतो, क्वचित त्याला वाचादोषही समजले जाते. मुलाला मिळणारा अर्थ सरळ असतो: आपण, आपली आई आणि आपली आजी चुकीचे बोलतो. चार वर्षांच्या मुलाला यावर एकच उपाय सापडतो. ते गप्प बसते. पुढे पहिलीत गेल्यावर ‘या मुलाला काही येत नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो.

वारली, कातकरी, ठाकरी बोलणाऱ्या मुलांची अडचण अशीच, पण अधिक खोल आहे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया मुलांची स्थिती आणखी निराळी असते. कोरकू ही मुंडा कुळातील आणि माडिया ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे नाते नाही. तेथे मराठी ही त्या मुलांसाठी दुसरी भाषा होय आणि ती दुसरी भाषा म्हणूनच शिकवली पाहिजे. मुलांच्या समाजातील सेविका अथवा मदतनीस असेल तर पहिला महिना-दोन महिने गोष्टी, गाणी आणि सूचना घरच्या भाषेत होऊन मराठी हळूहळू तिच्याशेजारी आणून ठेवता येते. सेविकांच्या निवडीत स्थानिक रहिवासाची अट का आहे, याचे उत्तर प्रशासकीय सोयीत शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक योग्य होईल.

कायदा आणि धोरण या बाबतीत संदिग्ध नाहीत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा हे माध्यम ठेवण्याची शिफारस केली आहे. प्रमाण मराठी मुलाला यावयासच हवी. ते त्याचे हक्काचे साधन आहे. प्रश्न इतकाच की ती घरच्या बोलीवर उभी राहते की बोलीला गाडून.

नौपाड्यासारख्या भागातील घरांत प्रश्नाचे रूप उलटे दिसते. येथे आई मराठी, शेजारी गुजराती, सोसायटीतील खेळगडी हिंदी बोलणारे आणि बालवर्ग इंग्रजी अशी स्थिती असते. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने मूल उशिरा बोलते ही भीती निराधार आहे. लहान मुले एकाहून अधिक भाषा एकाच वेळी शिकू शकतात. एखादे वाक्य मिश्र होते, तेही काळजीचे कारण नाही. काळजी करावी अशी गोष्ट दुसरीच आहे. इंग्रजी माध्यमात मूल मागे पडू नये म्हणून जी आई आपल्या भाषेत तासभर गप्पा मारू शकली असती, ती ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’ एवढ्यावर थांबते. मुलाला एका भाषेतील आज्ञा मिळतात आणि दुसऱ्या भाषेतील गोष्ट हरवते. आई ज्या भाषेत हसते, रागावते आणि आठवणी सांगते, ती भाषा मुलाला द्यावी. शाळेची भाषा शाळेत येईल.

भ्रमणध्वनीच्या पडद्याचेही असेच. पडद्यावरील गाणे मुलाला पाठ होते, पण मुलाने विचारलेल्या प्रश्नाला पडदा उत्तर देत नाही आणि मूल गप्प झाले तर त्याला चुकल्यासारखे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाहून अधिक नसावी. मूल जेवत नाही म्हणून हाती दूरध्वनी देणारे पालक एकाच वेळी जेवण आणि जेवतानाच्या गप्पा असे दोन्ही गमावतात.

गोष्ट, गाणे आणि पंगत

अंगणवाडीत भाषेसाठी वेगळा तास लावण्याची गरज नाही. गरम आहाराची पंगत बसते तेव्हा आज आमटीत काय आहे, घरी ती कोण करते, कोणाला काय आवडत नाही, यावर वीस मिनिटे बोलता येते. आज सर्रास ती वीस मिनिटे शांततेत पार पडावीत अशी अपेक्षा केली जाते. गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘आता म्हातारी काय करील?’ असे विचारले आणि उत्तराची खरोखर वाट पाहिली, तर पुढील प्रसंगाचा तर्क करणे, कारण सांगणे, क्रम लावणे ही सर्व कामे मुले करतात. वाट पाहणे हाच भाग अवघड असतो. प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देण्याची सवय शिक्षकी पेशात फार जुनी आहे.

‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तराने संपणारे प्रश्न आणि ‘मग काय झाले?’ असे प्रश्न यांत मोठा फरक आहे. ‘हा कोणता रंग?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळते. ‘तुझ्या घरी काल पाहुणे आले होते म्हणे’ या वाक्याने पाच वाक्ये मिळतात. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल घडून गेलेली हकीकत, समोर नसलेल्या माणसाला समजेल अशी सांगू लागते; वाचनातही हेच करावे लागते, कारण पुस्तकातील माणसे समोर नसतात. ज्या मुलाचा शब्दसाठा मोठा आणि गोष्ट समजण्याची सवय चांगली, त्याला वाचलेले अधिक समजते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळून आले आहे.

बडबडगीतांचा उपयोगही केवळ करमणुकीपुरता नाही. यमक ऐकून हसणारे मूल शब्दांच्या शेवटचे ध्वनी सारखे आहेत हे ओळखत असते. टाळी वाजवत ‘क-म-ळ’, ‘पा-ट-ला-ग’ असे तोडून म्हणणारे मूल शब्दाचे अवयव वेगळे करते. देवनागरी लिपी अशाच अवयवांवर उभी असल्याने हा खेळ खेळलेल्या मुलाला पुढे अक्षर ओळखणे सोपे जाते. विंदा करंदीकर, मंगेश पाडगांवकर, शांता शेळके यांच्यासारख्या कवींनी मुलांसाठी लिहिले, ही मराठीची श्रीमंती आहे. घरोघरीच्या ओव्या, कोडी आणि भोंडल्याची गाणी हीही आहेतच. वस्तीतील आज्यांना आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बोलावून गोष्टी सांगावयास लावल्यास काही खर्च येत नाही. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी आपल्या उत्पन्नातून राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीतून चित्रांची पुस्तके घेता येतील. ती कपाटात बंद न ठेवता मुलांच्या हाती फाटू द्यावीत.

उशिरा बोलणारे मूल

प्रत्येक मूल आपल्या गतीने बोलते हे खरे आहे. ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ किंवा ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशी वाक्ये प्रत्येक घरात ऐकू येतात, वेखंड उगाळून जिभेला लावले जाते आणि वर्ष निघून जाते. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत बिघडते, त्यांच्यासाठी मात्र ते वर्ष अमोल असते, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूला भाषेची सवय लावण्याचा सर्वांत अनुकूल काळ त्यातच निघून जातो. श्रवणदोषाचे निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

म्हणून काही खुणा सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना ठाऊक असाव्यात. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, वर्षाचे मूल बोबडी बडबड करीत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. आलेले बोलणे गेले, असे कोणत्याही वयात दिसले तर एक दिवसही थांबू नये. याउलट तीन-चार वर्षांचे मूल बोलता बोलता अडखळत असेल, तर त्यात घाबरण्यासारखे बहुधा नसते. विचार जिभेच्या पुढे धावत असतात. त्याला ‘नीट बोल’ असे न दटावता सावकाश ऐकून घ्यावे. अडखळणे बरेच महिने टिकले किंवा वाढले, तर मात्र तज्ज्ञांस दाखवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखालील वैद्यकीय पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करते आणि श्रवणदोष व बोलण्यातील विलंब हे तिच्या कक्षेत येतात. संशयित बालकास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील कुटुंबांना मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही लोकलच्या अंतरावर आहे. वाक् आणि श्रवण या क्षेत्रांतील तपासणी, श्रवणयंत्रे आणि वाचोपचार तेथे उपलब्ध होतात. अडचण बहुधा या सेवांपर्यंत पोहोचण्याआधीच येते. पथक भेटीला येते त्या दिवशी नेमके तेच मूल गैरहजर असते. नातेवाइकांकडे गेलेले असते किंवा ‘ते बोलत नाही, त्याला काय दाखवायचे’ म्हणून घरीच ठेवलेले असते. पथकाच्या भेटीची तारीख आधी समजल्यास ते मूल त्या दिवशी अंगणवाडीत हजर राहील हे पाहण्याचे काम वॉर्डाचा सदस्य किंवा शेजारचा शिक्षक करू शकतो. सेविकेला फक्त त्या घराचे नाव सांगावे लागते.